पर्यायी उपचार आणि आपला विवेक

आजार झाला की माणूस प्रथम कोणाच्या दारी जातो, यावरून त्या समाजाची घडण ओळखता येते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७९ व्या फेरीत (जुलै २०२२ ते जून २०२३) आयुर्वेद, योग, निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा व होमिओपॅथी, म्हणजेच ‘आयुष’ पद्धतींविषयी देशभर विचारणा झाली. पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या ग्रामीण लोकांपैकी सुमारे ९५ टक्के आणि शहरी लोकांपैकी सुमारे ९६ टक्के लोकांनी या पद्धतींविषयी ऐकलेले होते. वर्षभरात त्यांचा उपयोग ग्रामीण भागात सुमारे ४६ टक्के, तर शहरी भागात सुमारे ५३ टक्के लोकांनी केला होता. नाव ठाऊक नाही, असा माणूस आता विरळाच. परंतु कोणता उपचार कोणत्या आजारात व कोठवर चालतो, याचे ज्ञान किती जणांना आहे? शिवाय गावोगावचे कावीळ उतरवणारे, हाड बसवणारे, झाडपाल्याचे औषध देणारे यांची गणती यांपैकी कोणत्याच पद्धतीत होत नाही.

हा प्रश्न माझ्यापुरता पुस्तकी नाही. मी आठवीत असताना माझी थोरली बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आठव्या महिन्यात तिला कावीळ झाली. शेजारच्या गावी दर रविवारी एक गृहस्थ कावीळ उतरवीत. चुन्याच्या निवळीत रोग्याचे हात धुवायचे, पाणी पिवळे झाले की कावीळ उतरली असे समजायचे. आईने ताईला दोन रविवार नेले. दुसऱ्या रविवारनंतर ताई बरळू लागली. तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. ताई गेली, बाळही गेले. आईने त्या गृहस्थांना कधी दोष दिला नाही. “आपल्या आळीतल्या चौघांची कावीळ त्यांनीच बरी केली,” असे ती म्हणे.

ते चौघे बरे कसे झाले, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. कावीळ हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या ‘अ’ आणि ‘ई’ प्रकारच्या यकृतदाहाचे बहुतेक रुग्ण विश्रांती व आहारावर काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. त्या काळात जो उपचार चालू असेल त्याला यश मिळते. मात्र ‘ई’ प्रकारची कावीळ गर्भवतीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, प्राणघातक ठरू शकते. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याने दिल्लीत कावीळीचे २९ हजारांहून अधिक रुग्ण आढळले. त्यातही गर्भवतींचे मृत्यू अधिक होते. पित्तनलिकेतील खडा, लेप्टोस्पायरोसिस, दारूने खराब झालेले यकृत यांमुळेही कावीळ होते, आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा असतो. राहिले पिवळे पाणी. हाताला आंब्याच्या सालीचा रस लावलेला असला की चुन्याच्या निवळीत कोणाचेही हात धुतले तरी पाणी पिवळे होते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हा प्रयोग शाळाशाळांतून करून दाखवतात.

याचा अर्थ झाडपाल्यात गुण नाही असा मुळीच नव्हे. चीनच्या शास्त्रज्ञ तू यूयू यांनी चौथ्या शतकातील वैद्य गे होंग यांच्या ग्रंथातील नोंदीवरून एका वनस्पतीचा अर्क कमी उष्णतेत काढला. प्राण्यांवर व नंतर माणसांवर त्याच्या चाचण्या झाल्या आणि हिवतापावरील आर्टेमिसिनिन जगाला मिळाले. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. परंपरेने दिशा दाखवली, खात्री मात्र तपासणीने दिली. उलट उदाहरणही आहे. कोविडच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा घेतला गेला. तो घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. ती वनस्पती खरोखर गुळवेलच होती का, अशी शंका आयुष मंत्रालयाने उपस्थित केली. वाद बाजूला ठेवला तरी बोध एकच: ‘वनस्पतीचे आहे, अपाय होणार नाही’ हे गृहीत धरता येत नाही.

विनयपिटकातील जीवकाची कथा आपणांस परिचित आहे. तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यावर आचार्यांनी त्याला योजनभर परिसरात फिरून औषधी नसलेली वनस्पती आणण्यास सांगितले. जीवक रिकाम्या हाती परतला. या कथेचा उत्तरार्ध मात्र आपण विसरतो. याच जीवकाने राजगृहातील श्रेष्ठीच्या मस्तकावर आणि वाराणसीतील श्रेष्ठिपुत्राच्या उदरावर शस्त्रक्रिया केल्याचे तेथेच सांगितले आहे. रोग पाहून त्याने कधी मुळी निवडली, तर कधी शस्त्र.

आपली माणसे मांत्रिकाकडे जातात ती केवळ अज्ञानाने नव्हे. दवाखाना दूर असतो, खर्च परवडत नाही, तेथे कोणी आपुलकीने विचारपूस करीत नाही. म्हणून गावात आरोग्यकेंद्र व शुद्ध पाणी मागणे हाही विवेकाचाच भाग आहे. संविधानाच्या कलम ५१ क (ज) ने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे कर्तव्य सांगितले आहे. साप, विंचू वा कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचार रोखून मंत्रतंत्र करणे हा २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवला आहे.

पालकांनो व माजी विद्यार्थ्यांनो, एवढे घरात पाळावे. उपचार कोणताही असो, आधी निदान करून घ्यावे. देणाऱ्याची नोंदणी आणि औषधातील घटक विचारावेत. मधुमेह वा रक्तदाबाच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नयेत. काढा, चूर्ण जे काही घेत असाल ते डॉक्टरांना न संकोचता सांगावे. आणि गर्भवतीचे डोळे पिवळे दिसले, तर रविवारची वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.