अकरावीची बायोलॉजी आणि अडलेलं वाक्य

अकरावी सायन्सची पहिली घटक चाचणी झाली की मार्गदर्शनासाठी येणाऱ्या पालकांचा सूर बदलतो. प्रवेशाच्या वेळी त्यांचा प्रश्न ‘नीट की सीईटी’ असा ठसक्यात असतो. चाचणीनंतर तेच पालक आवाज खाली आणून विचारतात, “सर, दहावीला विज्ञानात नव्वदच्या वर होते हो. आता बायोलॉजीत काठावर पास. लाइन चुकली का आमची?” मूल शेजारी मान खाली घालून बसलेलं असतं. आई लगेच पुस्ती जोडते, “अभ्यास करतो, पण डोक्यात शिरत नाही म्हणतो. दुसरा क्लास लावू का?”

दुसरा क्लास लावण्याआधी मी मुलाला एकच काम सांगतो. पुस्तक मिटायचं आणि पेशी विभाजन मराठीत सांगायचं. मराठी माध्यमातून आलेली मुलं बहुतेक वेळा धडाधड सांगतात: पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था, गुणसूत्रं कुठे रांगेत येतात, कुठे ओढली जातात. ग्लुकोज-विघटन विचारलं तरी उत्तर येतं, क्रेब चक्राचं नावही येतं. यायलाच हवं, कारण दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ मध्ये सजीवांतील जीवनप्रक्रियांच्या पाठात हे सगळं आहे. अकरावीचं पुस्तक त्याच गोष्टी खोलात जाऊन सांगतं. मग त्याच मुलासमोर इंग्रजी पुस्तकातला त्याच विषयाचा परिच्छेद ठेवतो आणि म्हणतो, वाच आणि मराठीत सांग. गाडी तिथे अडते.

ही अडचण बायोलॉजीची नाही, इंग्रजी वाचनाची आहे. पण पालक औषध बायोलॉजीला देतात, म्हणून गुण येत नाही.

वाचनाची म्हणजे नेमकी कशाची? सगळ्यांना वाटतं, अवघड शब्दांची. मायटोकॉन्ड्रिया, एंडोप्लाझमिक रेटिक्युलम असली नावं पाहून घरचेच घाबरतात. खरं तर मुलं ही नावं पंधरा दिवसांत पचवतात. शब्द लांब असतो, पण त्याचा अर्थ एकच असतो आणि शेजारी आकृती असते. अडतं ते साध्या शब्दांच्या लांब वाक्यात. एक नमुना बघा: ‘वॉटर अ‍ॅब्सॉर्ब्ड बाय द रूट हेअर्स इज कंडक्टेड टू द लीव्हज थ्रू द झायलेम.’ यात अनोळखी शब्द फार तर एक, झायलेम. तरी कित्येक मुलं ‘वॉटर अ‍ॅब्सॉर्ब्ड’ इथेच वाक्य संपलं असं धरतात आणि ‘पाण्याने शोषलं’ असा अर्थ लावतात. मग पुढचा ‘इज कंडक्टेड’ कुठे जोडायचा ते कळत नाही. उरलेलं वाक्य नजरेखालून जातं आणि मूल पुढच्या ओळीवर जातं. मूळरोमांनी शोषलेलं पाणी जलवाहिन्यांतून पानांपर्यंत नेलं जातं, एवढाच तर मजकूर. हा मुलगा हे मराठीत सहावीपासून जाणतो!

शास्त्राच्या पुस्तकात अशी वाक्यं पानोपानी येतात, कारण तिथे कर्त्यापेक्षा क्रियेला महत्त्व असतं. म्हणून वाचताना आधी मुख्य क्रियापद शोधायचं. वरच्या वाक्यात ते ‘इज कंडक्टेड’. त्याखाली पेन्सिलने रेघ ओढा आणि विचारा, काय नेलं जातं? पाणी. कसलं पाणी? मूळरोमांनी शोषलेलं. कुठे? पानांकडे. कशातून? झायलेममधून. चार प्रश्नांत वाक्य सुटतं. सुरुवातीला एका परिच्छेदाला अर्धा तास लागतो आणि मूल कुरकुरतं, ते साहजिक आहे. रोज एकच परिच्छेद घ्यावा, पण तो पुरता सोडवावा. धडा रेटण्याची घाई इथे नको.

दुसरी जागा आहे जोडशब्दांची. ‘व्हेअरअ‍ॅज’, ‘अनलेस’, ‘एक्सेप्ट’, ‘हेन्स’ हे शब्द शब्दकोशात सापडतात, तरी वाक्यातलं त्यांचं काम कळत नाही. यातला सर्वात खट्याळ ‘रिस्पेक्टिव्हली’. जलवाहिन्या आणि रसवाहिन्या अनुक्रमे काय वाहून नेतात, असा प्रश्न असतो. चार पर्यायांपैकी एकात पाणी आधी आणि अन्न नंतर, दुसऱ्यात बरोबर उलट. ज्याला धडा पाठ आहे पण या एका शब्दावरून नजर घसरते, तो चुकीच्या पर्यायावर गोल काळा करून मोकळा होतो. घरी आल्यावर म्हणतो, “येत होतं, सिली मिस्टेक झाली.” तीच चूक दर चाचणीत होत असेल, तर तिला सिली म्हणणं सोडा. ‘इनकरेक्ट’ आणि ‘नॉट’ यांचंही तसंच.

परीक्षेचा हिशेब पाहिला की यातली निकड कळते. नीटला १८० प्रश्न आणि १८० मिनिटं. म्हणजे प्रश्नाला एक मिनिट, आणि त्यातच फिजिक्सची आकडेमोड. एकूण ७२० गुणांपैकी ३६० बायोलॉजीचे आहेत, प्रश्न ९०. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. जाणकार मुलं बायोलॉजीचे प्रश्न मिनिटाच्या आत उरकतात आणि तो वाचलेला वेळ फिजिक्सला देतात. पण हल्ली बायोलॉजीतच दोन-दोन विधानं देऊन खरं-खोटं ठरवायला सांगणारे आणि जोड्या लावायचे लांबलचक प्रश्न येतात. तिथे हळू वाचणाऱ्याचं गणित कोलमडतं. सीईटीच्या पीसीबी गटात बायोलॉजीचे १०० प्रश्न १०० गुणांना असतात, वजा गुण नाहीत. त्यामुळे चुकीची धास्ती कमी, वाचनाचा भार तेवढाच.

आता मदत कुणाकडे मागायची? इथे पालकांचे पैसे सर्वात जास्त वाया जातात. इंग्रजी कच्चं म्हटलं की स्पोकन इंग्लिशचा क्लास लावतात. तिथे मुलगा ‘हाऊ डू यू डू’ म्हणायला शिकतो, चार लोकांत बोलायची भीड चेपते, चांगलंच आहे. पण पुस्तकातल्या वाक्याशी त्याचा संबंध फार थोडा. उलट गोष्टही पाहिली आहे: फाडफाड इंग्रजी बोलणारी इंग्रजी माध्यमातली मुलंही अकरावीचा परिच्छेद वाचून गप्प होतात. सेमी इंग्रजीवाल्यांची गंमत निराळीच. त्यांना संज्ञा येतात, दहावीला एका ओळीच्या उत्तरांवर निभावलेलं असतं, म्हणून आपल्याला इंग्रजी येतं अशी त्यांची पक्की समजूत असते. ती मोडायला दिवाळी उजाडते.

बायोलॉजीच्या मोठ्या क्लासात बहुधा तयार नोट्स मिळतात. नोट्स वाचायला सोप्या, कारण वाक्य सोडवण्याचं काम दुसऱ्याने केलेलं असतं. गाइडचंही तेच. मोबाइलवर प्रश्नाचा फोटो काढून उत्तर मिळवणं तर आता पोराटोरांच्या हातचा मळ आहे. या साधनांवर माझा राग नाही. फक्त मागणं बदला. ‘गृहपाठाचं उत्तर दे’ असं न विचारता ‘या वाक्यातलं मुख्य क्रियापद कोणतं, आणि हा भाग कुणाबद्दल आहे’ असं विचारलं, तर तोच मोबाइल शिकवणीच्या कामाला येतो. आणि उत्तर पुस्तकाशी ताडून बघावं, कारण ही साधनं बिनदिक्कत चुकतात.

खरी मदत कॉलेजातच असते. वर्गात शंभर-सव्वाशे मुलं असली, की ‘मॅडम, चॅप्टर कळला नाही’ याला त्या बिचाऱ्या काय उत्तर देणार? पान उघडून, वाक्यावर बोट ठेवून ‘मॅडम, हे इथपर्यंत कळलं, इथून पुढे नाही’ म्हणणाऱ्या मुलाला प्रॅक्टिकलच्या वेळी दोन मिनिटं द्यायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. इंग्रजीच्या सरांकडेही बायोलॉजीचा परिच्छेद न्यावा. त्यांना पेशीतलं कळलं नाही तरी वाक्य नक्की कळतं.

“आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय मदत करणार?” हा वडिलांचा नेहमीचा प्रश्न. तुमचं इंग्रजी लागतच नाही. रात्री जेवण झाल्यावर मुलीला म्हणा, आज वाचलेला एक परिच्छेद मला मराठीत सांग. ती सांगताना जिथे ‘म्हणजे ते... असं काहीतरी होतं’ म्हणते, तिथे पुस्तकात खूण करायला सांगा. त्या खुणा म्हणजे उद्या विचारायच्या शंका. दहावीचं मराठी पुस्तक रद्दीत घालू नका, अकरावीच्या पुस्तकाशेजारी ठेवा. घातलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. एनसीईआरटीची बायोलॉजीही तशीच मिळते आणि नीटसाठी ती लागतेच.

मराठीतही सांगता येत नसेल, सांगायची इच्छाच नसेल, पेशी, वनस्पती, रक्त यांपैकी कशातच रस नसेल, तर मात्र प्रश्न भाषेचा नाही. तेव्हा विषय बदलण्याचा विचार मोकळ्या मनाने करा. डॉक्टर व्हायचं स्वप्न बऱ्याचदा घराचं असतं आणि बायोलॉजी मुलाच्या गळ्यात पडते. पण रस आहे आणि नीटच्या गुणांची खात्री नाही, एवढ्यासाठी बायोलॉजी सोडू नये. नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, कृषी, पशुवैद्यक, मत्स्यशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, लॅब टेक्नॉलॉजी या वाटा याच गटातून निघतात. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, हे नीटच्या मागे धावणाऱ्या किती घरांना ठाऊक असतं? या प्रत्येक वाटेवर पुढची पुस्तकं इंग्रजीच आहेत. अकरावीत कमावलेलं वाचन कुठेही गेलं तरी उपयोगी पडतं.

काही पालक बातमीचा आधार घेतात: “मेडिकल आता मातृभाषेत होणार ना?” मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं आली, हे खरं. त्यातही इंग्रजी संज्ञा बव्हंशी नागरी लिपीत तशाच ठेवल्या आहेत. आज अकरावीत असलेल्या मुलाने त्या भरवशावर राहू नये.

नीटची प्रश्नपत्रिका मात्र मराठीत घेता येते. अर्ज भरतानाच भाषा निवडावी लागते. पुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर असतो, आणि भाषांतरात फरक निघाला तर इंग्रजीच ग्राह्य धरतात. मराठी निवडली म्हणून सगळं सोपं होतं असं नाही. दोन वर्षं ‘झायलेम’ म्हणत शिकलेलं मूल ऐन परीक्षेत ‘जलवाहिनी’ वाचून क्षणभर थबकतं. इतरांचं ऐकून हा निर्णय घेऊ नका. बारावीच्या दिवाळीत मागच्या वर्षीच्या मराठी पुस्तिकेतले बायोलॉजीचे ४५ प्रश्न मराठीत वाचून सोडवायला लावा, उरलेले ४५ इंग्रजीत. दोन्ही वेळा घड्याळ लावा, गुण आणि मिनिटं वहीत मांडा आणि ती वही समोर ठेवून मुलालाच भाषा ठरवू द्या.