संकटकाळी अनन्यतेचे बळ

जीवाला भय का वाटते, याचे उत्तर ब्रह्मविद्याशास्त्राच्या दृष्टीने जीवाच्या स्थितीतच आहे. जीव अनादि अविद्यायुक्त आहे. देहाला ‘मी’ आणि देहाच्या परिवाराला ‘माझे’ म्हणणे हा त्याचा जुना अभ्यास होय. जे ‘माझे’ म्हटले ते हातचे जाऊ लागले की तो भितो, आणि भ्याला की मिळेल त्या दाराशी धाव घेतो. म्हणून अनन्यतेची खरी परीक्षा सुखात होत नाही. ती संकटात होते.

येथे कोणी म्हणेल, ‘परमेश्वरावर श्रद्धा ठेवली तर संकट टळेल काय?’ याचे उत्तर पंथाच्या इतिहासानेच दिले आहे.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केले. पुढे श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानासही भक्तजन अंतरले. अशा असन्निधानाच्या काळात म्हाइंभटांनी श्रीनागदेवाचार्यांना विचारून आणि ज्यांनी लीळा प्रत्यक्ष पाहिल्या त्या भक्तांना गाठून लीळाचरित्र सिद्ध केले. त्यानंतर काळ फिरला. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर आली आणि १३१८ पर्यंत यादवांची सत्ता लयास गेली. जेथे राजे, दुर्ग आणि सैन्य टिकले नाही, तेथे भिक्षान्नावर राहणाऱ्या, शस्त्र न धरणाऱ्या साधकांचा काय पाड? त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथीही हातची गेली.

पोथी वाचली नाही, हे नीट ध्यानात घ्यावे. श्रद्धा होती, तरी हानी झाली. परंतु त्या साधकांनी ‘आता सर्व संपले’ असे म्हटले नाही. हिराइसेसारख्यांच्या मुखोद्गत पाठावरून लीळा पुन्हा लिहिल्या गेल्या. निरनिराळ्या पाठांची परंपरा त्यातूनच चालत आली. पोथी पळविणाऱ्यास पाने सापडली. स्मरण सापडले नाही. धैर्य म्हणजे हानी न होणे नव्हे. हानीनंतरही स्मरण न सुटणे, हे धैर्य होय.

या धैर्याचे ऋण बुलढाणा जिल्ह्यातील उपदेशी मंडळींवर विशेष आहे. लोणार येथे यादवराजा कान्हरदेव यास स्वामींची भेट झाली, पैनगंगेच्या काठी मेहकरास बोणेबाइयांना भेट झाली, हे आज कळते ते कशामुळे? त्या साधकांनी स्मरण राखले म्हणूनच. लोणारच्या स्थानाला माथा टेकविणारा वासनिक त्या निर्धन, निःशस्त्र साधकांच्या निश्चयापुढेही नकळत नम्र होत असतो.

आता आपल्या आचाराकडे वळू. पाऊस दडी मारतो, कपाशी वाळते, कर्जाचा हप्ता दाराशी उभा राहतो, घरात कोणी अंथरुणास खिळते. अशा वेळी शेजारी येऊन सांगतो, ‘अमक्या देवतेला नवस बोला.’ वासनिकाचे मन डळमळते ते याच ठिकाणी. देवतांची फळे नाशिवंत आहेत, मोक्षदाता एक परमेश्वर आहे, हे निरूपणात ऐकलेले ज्ञान त्या रात्री उपयोगी पडले नाही, तर ते कानापर्यंतच राहिले असे समजावे.

मात्र अनन्यता म्हणजे हातपाय गाळून बसणे नव्हे. वैद्याकडे जावे, औषध घ्यावे, शेतीची पुन्हा तयारी करावी, अडचण चारचौघांत बोलावी, साधूंना विचारावी. उपायाने अनन्यता भंगत नाही. भयाने परमेश्वर सोडून अन्यत्र आश्रय धरला म्हणजे भंगते. तसेच जो खचला आहे त्याला ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ असे म्हणू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याच्यासह नामस्मरण करावे. हिराइसेचे स्मरण साऱ्या पंथाच्या उपयोगी पडले. त्याचप्रमाणे एकाचे स्मरण डळमळले तर दुसऱ्याने ते सावरावे.

संकट किती मोठे आहे याचा हिशेब जीव नेहमीच करतो. आश्रय कोणाचा धरला आहे, याचा हिशेब त्याने आधी करावा, हेच या प्रसंगाचे तात्पर्य होय.