गळ्याची गाठ आणि वर उतलेला बिब्बा

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे. वेणी घालताना तिच्या गळ्याला, समोर जरा डावीकडे, सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दुखत नाही. गाठ बसावी म्हणून सासूबाईंनी तिच्यावर बिब्बा लावला. दुसऱ्या दिवशी तिथे फोड आले आणि चार-पाच दिवसांनी, जिथे बिब्बा लागलाच नव्हता त्या हातांवर नि पापण्यांवरही खाज सुटून पुरळ उठलं. गाठीमुळेच हे वावडं झालं का? थायरॉइड असेल तर मीठ बदलू का?
– एक वाचक, असोदा (जि. जळगाव)

उत्तर : ताई, तुमच्या वर्णनावरून पुरळ बिब्ब्याचं दिसतं. गाठीचा त्याच्याशी संबंध नाही. पुरळ उपचाराने बरं होईल. मला काळजी आहे ती, फोड सुकले की घरात सगळे निर्धास्त होतील आणि गाठ तशीच राहील याची.

बिब्बा आंबा-काजूच्या कुळातला. त्याच्या टरफलातल्या काळ्या तेलात भिलावनॉल नावाचं द्रव्य असतं. ते कातडी भाजतं, शिवाय काहींच्या शरीरात त्याचं वावडंही निर्माण करतं. हे वावडं लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी उठतं. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांना चमत्कारिक पुरळ येऊ लागलं, तेव्हा त्याचं मूळ परटाने कपड्यांवर बिब्ब्याने केलेल्या खुणेत सापडलं. कपडे धुतलेले, खूण वाळलेली, तरी ती जिथे टेकायची तिथे कातडी उतायची. १९४३मध्ये डॉक्टरांनी हे लिहून ठेवलं.

मग हात आणि पापण्या का? बोटाला, नखाला लागलेलं तेल डोळे चोळताना पापणीवर जातं. पण तेल अजिबात न पोचलेल्या जागीही पुरळ येऊ शकतं. एका ठिकाणी दाह जोरात झाला, की शरीराची चेतवलेली प्रतिकारशक्ती दूरच्या कातडीवरही उमटते. हे माहीत नसलं की खाण्यावर संशय जातो आणि पोराचं वांगं, अंडं, शेंगदाणे सगळं बंद होतं. तसं करू नका. नखं कापा, हात साबणाने धुवा, उशीचा अभ्रा आणि ओढणी वेगळी धुवा. त्वचारोगतज्ज्ञ स्टिरॉइडचं मलम देतील, पुरळ फार असेल तर थोडे दिवस गोळ्याही. चेहरा सुजला, श्वास लागला किंवा लघवी कमी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सासूबाईंना बोल लावू नका, टाचेच्या भेगांपासून सगळ्याला बिब्बा लावतच त्यांचं आयुष्य गेलं असणार.

एक सांगून ठेवते. फोडांवर पोव्हिडोन आयोडीनचं तपकिरी औषध लावलं असेल तर डॉक्टरांना सांगा. कातडीतून आयोडीन आत शिरतं आणि थायरॉइडच्या तपासण्यांत गोंधळ होऊ शकतो.

आता गाठ. तिला पाण्याचा घोट घ्यायला सांगा. गिळताना गाठ वर सरकली तर ती बहुधा थायरॉइडची. ‘वयात येताना मुलींचा गळा भरतोच’ असं कुणी म्हणेल. सगळा गळा सारखा भरणं वेगळं आणि एका बाजूला सुटी गाठ लागणं वेगळं. अशा गाठी मुलांत मोठ्यांपेक्षा कमी आढळतात, पण आढळलेल्यांपैकी कर्करोगाच्या निघणाऱ्या मोठ्यांत ५ ते १० टक्के, तर मुलांत सुमारे २२ ते २६ टक्के. म्हणजे दर चार-पाचांतल्या तीन-चार निरुपद्रवीच असतात, पण कोणती कशी हे हाताला कळत नाही.

रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक, तपासतात. ते नॉर्मल आलं म्हणून सुटलो असं समजू नका, कर्करोगाच्या गाठीतही ते बहुतेकदा नॉर्मलच असतं. गळ्याची सोनोग्राफी हवीच. गाठीच्या कडा वेड्यावाकड्या आहेत का, आत चुन्याचे बारीक कण आहेत का, मानेतल्या लसिकाग्रंथी वाढल्यात का, हे तिथे दिसतं. कातडीच्या दाहानेही या ग्रंथी फुगतात, म्हणून बिब्ब्याची गोष्ट सोनोग्राफी करणाऱ्यांनाही सांगा. संशय वाटला तर सोनोग्राफीत बघत बारीक सुईने पेशी काढतात. सुई फोडांतून घालायची नसते, त्यासाठी कातडी भरेपर्यंत थांबावं लागेल, पण रक्त आणि सोनोग्राफी याच आठवड्यात होऊ शकते. टीएसएच कमी आलं तर सुईआधी थायरॉइडचा न्यूक्लिअर स्कॅन करतात. कुटुंबात कुणाला थायरॉइडचा कर्करोग झालाय का, मुलीच्या मानेला कधी किरणोपचार दिलेत का, हे डॉक्टर विचारतील.

निदान वाईट निघालं तरी धीर सोडू नका. मुलांमधला थायरॉइडचा नेहमीचा कर्करोग शस्त्रक्रियेने आणि गरज पडल्यास किरणोत्सारी आयोडीनने आटोक्यात येतो. मानेत पसरलेला असला तरी बहुतेक मुलं मोठी होतात, संसार करतात. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३पासून या आजारावर काम चाललं आहे.

मिठाचं म्हणाल तर आयोडीनयुक्तच वापरा, सैंधवावर जाऊ नका. आयोडीनच्या कमतरतेने होणारा गलगंड त्याने टळतो, झालेली गाठ मात्र मीठ बदलून विरत नाही. आणि मिठाचा डबा चुलीजवळ उघडा ठेवू नका, ओल आणि उष्णतेने आयोडीन उडतं.