दारातच मोजलेला श्वास

कोरपना तालुक्यातील एका आडवळणी गुड्यावर चार महिन्यांचे मूल खोकते आहे, अशी कल्पना करा. दिवस कापूस वेचणीचे. हा साधा खोकला की न्यूमोनिया? ते ठरवायला गडचांदूर, राजुरा ओलांडून चंद्रपूर गाठायचे, तर औषध फुकट मिळाले तरी गाडीभाडे, दोघांची बुडालेली मजुरी आणि बाहेरचे जेवण हा खर्च उरतोच. मग आईबाप म्हणतात, 'उद्या पाहू.' न्यूमोनिया मात्र उद्यापर्यंत थांबेलच असे नाही.

हा रोग यंत्राविना ओळखता येतो का? न्यूमोनियात फुप्फुसातील वायुकोशांत द्रव साचतो, फुप्फुस ताठर होते, एका श्वासात पुरेशी हवा मावत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी मूल भराभर श्वास घेते. खोकणाऱ्या मुलाचे श्वास दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असतील, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी.

पण साठपर्यंत मोजण्याची सवय नसलेल्या दाईने काय करावे? शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांनी यासाठी एक गमतीदार साधन बनवले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. तान्ह्या बाळाच्या ओळीत पाच हिरवे मणी, सहावा लाल. मोठ्या मुलाच्या ओळीत चार हिरवे, पाचवा लाल. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, की औषध सुरू. मला तर हे साधन महागड्या यंत्रांहून अधिक बुद्धीचे वाटते.

गावातच निदान आणि उपचार केल्याने काय साधते, हे त्याच जिल्ह्यातील प्रयोगात दिसले होते. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे आकडे आले. पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू इतर गावांत १७.५, तर प्रयोगाच्या गावांत ८.१.

घरातील लहान मुलाचे श्वास तुम्हीही मोजून पाहा. मूल शांत असावे. रडताना मोजू नका. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नका, कारण बाळाचा श्वास अनियमित असतो. पूर्ण मिनिट मोजा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर मोजत बसू नका, थेट दवाखाना गाठा.