स्क्रम आणि संस्थाप्रमुख

‘स्क्रम’ हा शब्द मूळचा रग्बी या खेळातील. १९८६ साली ताकेउची व नोनाका या जपानी अभ्यासकांनी तो नव्या वस्तूंच्या निर्मितीसंबंधी योजिला. १९९५ मध्ये श्वेबर व सदरलँड यांनी ‘स्क्रम’ ही कार्यपद्धती जाहीरपणे मांडली.

ती समजण्यासाठी रायपूरच्या पंडरी कापडबाजारातील एका दुकानाची कल्पना करू. तेथील मालक वर्षाचा माल एकदम भरीत नाही. थोडे तागे मागवितो, गिऱ्हाइकांचा कल पाहतो आणि मग पुढील मागणी नोंदवितो. स्क्रममध्येही साधारणतः दहापर्यंत माणसांचा गट जास्तीत जास्त एका महिन्यात वापरण्याजोगा भाग पुरा करतो, संबंधितांना दाखवितो व त्यानुसार पुढचे काम ठरवितो.

संस्थाप्रमुखाची कसोटी येथेच लागते. रोजची पंधरा मिनिटांची बैठक सुरू करणे सोपे आहे. परंतु ठरलेल्या मुदतीत उद्दिष्टाला बाधक अशी नवी कामे न लादणे, अग्रक्रम ठरविण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीचा निर्णय मानणे आणि अपुरे काम उघडपणे सांगणाऱ्यास दोष न देणे अवघड असते. न खपलेले तागे नोकराने भीतीपोटी दडविले, तर मालक तेच कापड पुन्हा मागवील.