अंडी भरपूर, तरी दिवस राहत नाहीत

जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत, उगवण तपासणीच्या टेबलावर माझी नोकरी. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. कारण निघालं पीसीओडी, म्हणजे कागदावर पीसीओएस. त्यापायी जालना ते छत्रपती संभाजीनगर असे हेलपाटे घातले, गोळ्यांपासून टेस्ट ट्यूबपर्यंत सगळं अनुभवलं. दवाखान्याच्या बाकड्यावर शेजारी बसलेल्या मुलींकडून एकच वाक्य ऐकत आले, ‘माझी अंडी खराब आहेत.’ बावीस-चोवीस वर्षांची पोर हे बोलते तेव्हा जीव तुटतो. म्हणून हे लिहिते आहे.

१. गाठी म्हणतात त्या गाठी नव्हेत.

पीसीओएसमध्ये अंडाशयात सोनोग्राफीत दिसतात त्या अंड्यांच्या छोट्या पिशव्या. दर महिन्याला त्यातली एक वाढून साधारण १८ ते २० मिलिमीटरची व्हावी आणि फुटावी, तर त्या अर्ध्या वाटेवरच थांबतात. शरीरात इन्सुलिन जास्त झालं की अंडाशय पुरुषी हार्मोन जास्त बनवतो आणि पिशव्यांची वाढ अडते. त्या कापून काढायच्या नसतात. आणि नुसत्या सोनोग्राफीवर पीसीओएसचा शिक्काही बसत नाही. रॉटरडॅमला २००३ साली ठरलेले निकष अजून पायाभूत आहेत: पाळीची अनियमितता, पुरुषी हार्मोनची लक्षणं आणि सोनोग्राफीतलं चित्र, या तिन्हीपैकी दोन हवीत; शिवाय थायरॉइड, प्रोलॅक्टिन असली दुसरी कारणं आधी वगळायला हवीत.

२. संख्या वेगळी, दर्जा वेगळा.

हे मला माझ्या कामामुळे लवकर उमगलं. मृगाच्या आधी आमच्याकडे शेतकरी घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडतो, गुंडाळून ठेवतो आणि काही दिवसांनी उलगडून मोजतो. सत्तर उगवले तर बियाणं पेरायच्या लायकीचं. पोत्यात दाणे किती यावरून उगवण कळत नाही. एएमएच ही रक्ताची तपासणी अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देते, म्हणजे दाणे मोजते, उगवण नाही. पीसीओएसमध्ये एएमएच बहुधा जास्तच येतं. ते पाहून कोणी हुरळून जातं, कोणी धास्तावतं. दोन्हीला अर्थ नाही.

उगवण ठरते ती मुख्यतः वयावर. वय वाढतं तसे अंड्यातल्या गुणसूत्रांचे दोष वाढतात, मग पीसीओएस असो वा नसो. आणि गोणपाटासारखी सोय इथे नाही. अंड्याचा कस फलन झाल्यावर, गर्भ वाढायला लागल्यावरच दिसतो. म्हणून टेस्ट ट्यूब केलीत तर चार आकडे विचारा: अंडी किती निघाली, त्यातली पक्व किती, फलन किती अंड्यांचं झालं आणि पाचव्या दिवसापर्यंत गर्भ किती टिकले. पीसीओएसमध्ये पहिला आकडा मोठा असतो, पण त्यात कच्ची अंडीही बरीच निघू शकतात. समजा अठरा निघाली आणि शेवटी तीन गर्भ राहिले, तर ‘पंधरा खराब निघाली’ असं म्हणून रडू नका. गळती प्रत्येकीची होते. टेस्ट ट्यूबमध्ये पीसीओएसच्या बायकांना बाळ होण्याचं प्रमाण एकंदरीत इतरांच्या जवळपासच असतं. हे मला सुरुवातीलाच कोणी सांगितलं असतं तर किती रात्री शांत झोप लागली असती!

३. पहिली पायरी टेस्ट ट्यूब नव्हे.

आपल्यात बहुतेकींची अडचण एवढीच असते की अंडं वेळेवर फुटत नाही. त्यासाठी गोळी आहे, लेट्रोझोल. पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस घ्यायची, मग सोनोग्राफीने पिशवीची वाढ बघायची. अमेरिकेत ७५० बायकांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल २०१४ साली आला. त्यात जास्तीत जास्त पाच पाळ्यांच्या उपचारानंतर लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के जणींना बाळ झालं, जुन्या क्लोमिफेनवर १९.१ टक्के जणींना. आपल्याकडे मात्र ऑक्टोबर २०११ पासून वंध्यत्वासाठी या गोळीवर बंदी होती, ती २०१७ साली उठली. माझ्या जाऊबाईंचे उपचार त्याच मधल्या वर्षांतले. त्यांच्या चिठ्ठीवर ही गोळी कधी आलीच नाही.

मी पहिल्यांदा ती घ्यायला मेडिकलवर गेले तेव्हा काउंटरवरच्या पोराने चिठ्ठी उलटसुलट करून विचारलं, ‘ताई, कॅन्सर कुणाला झालाय?’ मागे रांग उभी. ही गोळी स्तनाच्या कॅन्सरवरही देतात, एवढंच त्याला माहीत. तुम्हाला कोणी असं विचारलं तर घाबरून गोळी बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा.

वय पस्तिशीच्या पुढे असेल, नळ्या बंद असतील किंवा नवऱ्याच्या तपासणीत मोठा दोष असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा गोळ्यांवर वर्षं घालवू नका.

४. नवऱ्याची तपासणी पहिल्याच महिन्यात.

आमचे हे स्टीलच्या कारखान्यात, भट्टीच्या पाळीवर. रोजच्या उष्णतेचा शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो, तंबाखू-गुटख्याचाही होतो. जालन्यात भट्टीवर काम करणारी माणसं किती, आणि त्यातल्या किती घरांत फक्त बाईलाच सोनोग्राफीला पाठवतात! मला याचा राग येतो. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तेव्हा सवय सुटली तरी फरक लगेच दिसत नाही. तपासणी साधी आहे. ‘माझ्यात काय खोट असणार’ म्हणणाऱ्याला हात धरून न्या.

५. अंडी सुधारण्याची पावडर.

महागड्या पुड्या आणि कॅप्सूल यांनी बाळ होण्याचं प्रमाण वाढतं, याला भक्कम आधार नाही. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र दिवस राहण्याच्या आधीपासून घ्या. बाळाच्या मेंदू-मणक्याचे बरेचसे दोष तिने टळतात, आणि ती स्वस्त आहे.

६. वजन आणि उपवास.

वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के उतरलं तरी पाळी सुधारू शकते. म्हणजे सत्तर किलोच्या बाईने साडेतीन ते सात किलो. बारीक अंगाच्या मुलींनाही पीसीओएस असतो, त्यांना ‘वजन कमी कर’ म्हणणं हा अन्याय आहे.

सासूबाई मला चतुर्थीला राजूरच्या गणपतीला न्यायच्या. मी मनापासून जायचे, अजूनही जाते. ‘देवाला सांगायलेय मी, गोळी पण खा तू,’ असं त्या म्हणायच्या, आणि त्यांचं हे वाक्य मी कित्येकींना सांगितलंय. बदल एकच केला: उपवासाला साबुदाण्याची परात बंद, थोडी भगर, दही, शेंगदाण्याची आमटी. रोजच्या जेवणात ज्वारीची भाकरी, पिठलं, पालेभाजी, आणि जेवणानंतर चालणं.

७. अंडी जास्त, तर जपणूकही जास्त.

टेस्ट ट्यूबच्या इंजेक्शनांना आपलं अंडाशय जोरात प्रतिसाद देतं. कधी पोटात पाणी साठतं, धाप लागते, लघवी कमी होते. असं झालं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच दवाखाना गाठायचा. सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारा, ‘माझ्यासाठी औषधाचा डोस आणि शेवटचं इंजेक्शन धोका कमी करणारं आहे ना? गर्भ गोठवून पुढच्या पाळीत सोडायचे का?’ चीनमध्ये पीसीओएसच्या १,५०८ बायकांवर झालेल्या अभ्यासात (२०१६) गर्भ गोठवून नंतर सोडले तेव्हा ४९.३ टक्के जणींना बाळ झालं, ताजे सोडले तेव्हा ४२. पोटात पाणी होण्याचा त्रास ७.१ टक्क्यांवरून १.३ वर आला. ‘गोठवलेला म्हणजे शिळा’ असं बाकड्यावर कोणी म्हणालं तर हे आकडे सांगा.

८. नोंदणी बघा.

२०२१ च्या कायद्याने टेस्ट ट्यूब केंद्राला नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र बघायला मागायला लाजू नका. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी तो मराठीत समजावून घ्या. खर्च लाखांच्या घरात जातो. एकेका फेरीचा हिशेब, औषधांसकट, लेखी घ्या.

९. मूल झालं तरी पीसीओएस जात नाही.

गरोदरपणात साखर वाढण्याचा धोका आपल्याला जास्त, पुढेही मधुमेहाचा. दर एक ते तीन वर्षांनी साखरेची तपासणी करा, ग्लुकोज पिऊन करतात ती. आणि मूल नको असेल तरी तीन-तीन महिने पाळी न येणं चालवून घेऊ नका. गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि पुढे त्यातून कॅन्सरचा धोका वाढतो. माझ्या भाचीची पाळी अशीच महिनोन्महिने येत नव्हती. घरात सगळे म्हणत होते, लग्न झालं की होईल सुरळीत. मी तिला या महिन्यात डॉक्टरांकडे घेऊन गेले.