संगणकांतील तारीख व वेळ

‘अर्ज स्वीकारण्याची शेवटची तारीख १५ ऑगस्ट’ असें वाचलें म्हणजे त्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत मुदत आहे, असें आपण समजतों. परंतु संगणकास दिवस ठाऊक नसतो. त्यास केवळ क्षण कळतो. हा भेद न जाणतां लिहिलेल्या एका ओळीमुळें एखाद्या गरीब विद्यार्थ्याचा वेळेवर आलेला अर्जही नाकारला जाण्याचा संभव असतो. म्हणून या विषयाचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करूं.

१९९५ सालीं निर्माण झालेल्या जावास्क्रिप्ट या भाषेंत वेळेसाठीं ‘डेट’ नांवाची वस्तु असते. तिच्या पोटांत एकच संख्या असते. १ जानेवारी १९७० रोजीं जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्रीपासून त्या क्षणापर्यंत जितके मिलिसेकंद लोटले, तितकी ती संख्या होय. एका दिवसाचे असे ८,६४,००,००० मिलिसेकंद होतात. वर्ष, महिना, तास हीं सर्व त्या संख्येवरूनच गणितानें काढिलीं जातात.

वेळ बसविण्यासाठीं ‘सेटअवर्स’ ही क्रिया आहे. तिला तास, मिनिटें, सेकंद व मिलिसेकंद या संख्या क्रमानें द्याव्या. चार शून्यें दिलीं म्हणजे दिवसाचा आरंभ मिळतो. मात्र या क्रियेनें मूळ वस्तूच बदलते. पहिली वेळ पुढें हवी असल्यास तिची प्रत आधींच करून ठेवावी.

आतां मुख्य अडचण पाहूं. ही क्रिया, ज्या यंत्रावर चालते त्याच्या स्थानिक वेळेप्रमाणें, घड्याळ लाविते. भारताची वेळ जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटें पुढें आहे. शिवाय ‘२०२४-०८-१५’ अशी नुसती तारीख दिल्यास ही भाषा जागतिक वेळेची मध्यरात्र धरिते. त्या क्षणीं पुण्यास पहांटेचे साडेपांच, तर न्यूयॉर्कमधील मराठी कुटुंबाच्या घड्याळांत १४ ऑगस्टच्या रात्रीचे आठ वाजलेले असतात. हाच क्षण मुदत म्हणून धरिला, तर १५ तारखेस सकाळीं दहा वाजतां अर्ज करणारा पुण्याचा मुलगा उशिरा आला असें ठरतें!

यावर उपाय असा: १६ ऑगस्टची मध्यरात्र लिहून तिच्यापुढें ‘+०५:३०’ हें भारतीय वेळेचें अंतर स्पष्ट लिहावें, व त्या क्षणापूर्वीं आलेला प्रत्येक अर्ज स्वीकारावा. म्हणजे यंत्र कोणत्याही देशांत असो, न्याय सर्वांस सारखाच मिळेल.

अभ्यासासाठीं विद्यार्थ्यांनीं ३१ डिसेंबर ही तारीख घेऊन तास २४ बसवावे, आणि कोणतें वर्ष येतें तें पाहावें. या भाषेंत महिने शून्यापासून मोजितात, म्हणून डिसेंबरसाठीं ११ लिहावयाचे, हें विसरूं नये.